चौथ्या कप्प्यातली कोरी चकती

मी एक कोरी चकती बोलतेय. कागदाची. सहा मिलिमीटर रुंद, म्हणजे शर्टाच्या कॉलरच्या बटणाहूनही लहान. पाठीवर पेन्सिलीनं काढलेलं एक बारीक शून्य सोडलं, तर माझ्यावर काही लिहिलेलं नाही. माझ्यात कसलं औषध मुरवलेलं नाही. आणि माझं काम विचाराल, तर काहीही न करणं.

हसू नका. गप्प एका जागी बसून राहणं आणि काहीही न करणं हे तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एक दिवस तसं बसायला सांगून बघा. दहा मिनिटांत कोणाला तरी सल्ला देतील.

माझा जन्म पंचिंग मशीनमधून झाला. फायलींना भोकं पाडायचं साधं मशीन, कॉलेजच्या ऑफिसातून उसनं आणलेलं. एरवी त्यातून पडणाऱ्या आमच्यासारख्या टिकल्या केराच्या टोपलीत जातात. आमच्या बाबतीत उलटं झालं. गाळणकागदाचा भोकं पडलेला ताव टोपलीत गेला आणि आम्ही टिकल्या काचेच्या बाटलीत गेलो. आमच्या नशिबाचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

आम्हाला पाडणारी मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. जंतूंचा अभ्यास हा तिचा विषय. खटक, खटक, खटक असे तिनं शंभरेक गोल पाडले. मग आमची बाटली ऑटोक्लेव्हमध्ये गेली. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक अगडबंब प्रेशर कुकर. त्यातल्या वाफेत एकही जंतू जिवंत राहत नाही. बाहेर आलो तेव्हा आम्ही इतक्या स्वच्छ होतो, की त्या खोलीत आमच्याइतकं निर्मळ दुसरं कोणी नव्हतं. माणसं तर नव्हतीच.

आमची बाटली तिच्या टेबलावरच असायची. त्यामुळे तिचे फोन मला ऐकू यायचे. तिचे वडील शिंपी. रस्त्याकडेच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. शाळांचे गणवेश, पँटी, शर्ट. पायानं चालवायचं मशीन, आणि ते अनवाणी पायानंच चालवायची त्यांची सवय. चप्पल घातली की मशीनचा अंदाज येत नाही म्हणायचे. त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता आणि तळपायाची जाणीव कमी झाली होती. एक दिवस जमिनीवर पडलेली टाचणी त्यांच्या उजव्या अंगठ्याखाली घुसली, आणि ती घुसलीय हे त्यांना दोन दिवसांनी, मशीनच्या पायडलवर ओला डाग दिसला म्हणून कळलं. तिथे जखम झाली. जवळच्या दवाखान्यातली सिस्टर एक दिवसाआड ती साफ करून पट्टी बांधायची. बरी होत होती, पण हळू.

हळू हा शब्द आत्याला खपत नसे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर भावाला तिनंच लहानाचं मोठं केलं, त्यामुळे त्या घरात तिच्या शब्दापुढे कोणाचा शब्द जात नव्हता. परसदारी कुंपणाला तिनं एक झुडूप वाढवलं होतं. सगळे त्याला कडूपाला म्हणत. खरचटलं, फोड आला, पू झाला, की आत्या कडूपाला वाटून लावणार. सगळी आळी तिच्याकडे यायची. तिच्या बोटांची टोकं कायम हिरवी असत. कोणाकडून काही घेत नसे, हे खरं. ऐकूनही घेत नसे, हेही खरं.

"त्या सिस्टरच्या पिवळ्या पाण्यानं काय होणारे? मी दोन वाट्या लेप लावते, आठ दिवसांत चालायला लागशील," आत्या म्हणायची.

"अगं, विज्ञान आहे ते," मुलगी फोनवर ओरडायची.

"मग तुझ्या विज्ञानात घाल माझा पाला आणि बघ काय म्हणतंय ते!"

बास. इथून सगळं सुरू झालं. मुलीला प्रकल्पासाठी विषय हवाच होता. तिनं घरून पिशवीभर पाला आणला, सावलीत वाळवला, कुटला, आणि त्याचा अर्क मिथेनॉलमध्ये काढला. मिथेनॉल म्हणजे स्पिरिटच्या जातीचं एक द्रावण. ते स्वतःसुद्धा जंतू मारू शकतं. हे वाक्य लक्षात ठेवा. तिथे ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरले.

आता आमचं काम सांगते. काचेच्या पसरट बशीत जेलीसारखा थर ओततात. त्यावर जंतू पसरतात. बशीच्या बुडाला पेननं रेघा ओढून चार कप्पे करतात. पहिल्या कप्प्यात पाल्याचा हलका अर्क मुरवलेली चकती, दुसऱ्यात दाट अर्काची, तिसऱ्यात बाजारातल्या पक्क्या औषधाची, आणि चौथ्यात मी. माझ्यात पाला नाही, नुसतं द्रावण. चकत्या आधी नीट वाळवायच्या, म्हणजे द्रावण उडून जातं. मग बशी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळपर्यंत जंतू वाढून सगळ्या बशीवर दुधट साय धरते. चकतीतलं औषध जंतूंना मारत असेल तर तिच्याभोवती स्वच्छ, पारदर्शक गोल राहतो. माझ्याभोवती गोल पडता कामा नये. पडलाच, तर समजायचं की जंतू पाल्यानं मारले नाहीत, द्रावणानं मारले. म्हणजे मी साक्षीदार. गप्प बसून खरं सांगणारी.

त्या दिवशी मी चिमट्यात होते. खरंच सांगते, बशीपासून बोटभर अंतरावर होते. तेवढ्यात तिचे मार्गदर्शक सर आले. सर नेहमी घड्याळाकडे बघत आत येत आणि घड्याळाकडे बघत बाहेर जात.

"झालं का?"

"सर, चकत्या अजून ओल्या आहेत. अर्धा तास वाळवते. आणि कोरी ठेवायचीय."

"पाच आठवड्यांवर प्रदर्शन आहे. अर्धा अर्धा तास करत बसलीस तर झालंच. आधी गोल येतो का बघ. कोरीचं नंतर बघू."

ती एक क्षण थांबली. मी तिच्या चिमट्यात होते, म्हणून मला ते थांबणं कळलं. तिला माहीत होतं. पण सर म्हणाले होते, आणि तिलाही घाई होती, आणि तिलाही गोल हवाच होता. तिनं मला परत बाटलीत टाकलं. ओल्या चकत्या तशाच बशीत गेल्या. चौथा कप्पा रिकामा राहिला.

सकाळी ती किंचाळलीच. दाट अर्काच्या चकतीभोवती पंधरा मिलिमीटरचा गोल! आरशासारखा स्वच्छ. तिनं बशी खिडकीशी धरली, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आत्या, तुझा पाला जिंकला!!' आणि तीन टाळ्या.

दोन मिनिटांत वडिलांचा फोन. तिनं स्पीकरवर टाकला, कारण हातात मोजपट्टी होती.

"अगं, हे काय आहे? मधे डोळ्यासारखं काय दिसतंय?"

"बाबा, तिथले जंतू मेलेत. पाल्यानं मारलेत."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"माझ्या पोरीनं सिद्ध केलं," ते कोणाला तरी सांगत होते. गिऱ्हाईक असेल. "नाही हो, कॉलेजात. मशीनवर. फोटो आहे ना!" मग परत फोनमध्ये, "आता त्या सिस्टरकडे हेलपाटे कशाला घालायचे सांग? अक्का रोज लेप लावेल."

"बाबा, ड्रेसिंग चालू ठेवा हं," ती म्हणाली.

म्हणाली, पण हसत म्हणाली. मोजपट्टीकडे बघत म्हणाली. जेवून घ्या हं, म्हणतात त्या सुरात. मी बाटलीतून ऐकलं. तो सूर मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं पाल्याचा दुसरा गुण तपासला. अँटिऑक्सिडंट. शरीरात जे उपद्रवी कण तयार होतात त्यांना शांत करणारा पदार्थ, असं ती लॅबमधल्या मामांना समजावत होती. मामा म्हणजे आमच्या लॅबचे शिपाई. वीस वर्षं बश्या धुऊन त्यांचे हात पांढरे पडले होते. तपासणी अशी, की एका जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा. जांभळा रंग जाऊन पिवळा झाला की गुण आहे. पाल्यानं रंग पिवळा केला. मुलगी खूश.

"ताई, माझा चहा घालून बघा की," मामा म्हणाले. त्यांच्या हातात बिनदुधाचा उरलेला चहा होता.

तिनं गंमत म्हणून दोन थेंब घातले. जांभळा रंग पाल्याच्या निम्म्या वेळात गेला.

"अरे वा! म्हणजे माझा चहापण औषध?" मामा खो खो हसले. "बायकोला सांगतो. चार कपांवरून बोलते मला."

तीही हसली. पण वहीत तिनं पाल्याचे आकडे लिहिले, चहाचे लिहिले नाहीत. गंमत होती ना ती. गंमत कोण लिहितं?

खरंतर तेच लिहायला हवं होतं. पाल्यात गुण होता, यात खोटं काही नव्हतं. पण तो गुण चहात होता, फळांच्या सालीत होता, निम्म्या हिरव्या जगात होता. शिवाय नळीतलं जांभळं पाणी पिवळं होणं वेगळं आणि माणसाचं शरीर वेगळं. पण एकदा मोठ्यांनी पाठ थोपटली, की माणसाला 'पण' हा शब्द नकोसा होतो. तरुण माणसालासुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात ती अहवाल लिहायला बसली. पद्धत लिहिताना तिनं लिहिलं, 'चौथ्या कप्प्यात कोरी चकती ठेवली.' लिहिलं आणि पेन थांबलं. तिनं माझ्या बाटलीकडे बघितलं. मग ते वाक्य खोडलं, उठली, आणि मला बाहेर काढलं. हे मी तिच्या बाजूनं सांगते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. ती स्वतः उठली.

पाठीवर शून्य काढून तिनं मला द्रावणात बुडवलं आणि मुद्दाम पहिल्यासारखंच, ओलं, चौथ्या कप्प्यात ठेवलं. जेली गार होती. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या जागेवर बसले होते. रात्रभर जंतू माझ्या दिशेनं वाढत आले आणि माझ्याजवळ येऊन मरत गेले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, मी काही करत नाहीये! माझ्या अंगातलं हे द्रावण करतंय!

सकाळी ती यायच्या आधी मामा आले. बशी उचलून त्यांनी उजेडात धरली.

ती आली तेव्हा ते म्हणाले, "ताई, ही कोरी ना? हिनंपण गोल केलाय की."

तिनं मोजलं. पाल्याचा गोल पंधरा. माझा चौदा. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना मामांनी बशी धरली.

सर आले, घड्याळ बघितलं, बशी बघितली.

"सर, तो गोल मिथेनॉलचा होता. पाल्याचा नव्हताच."

"नव्हताच कसं? पंधरा आणि चौदा. एक मिलिमीटर जास्त आहे ना?"

"सर!"

"हे बघ, पोस्टर छापायला गेलंय. पहिलाच फोटो राहू दे."

"त्यात चौथा कप्पा रिकामा आहे. कोणीही विचारेल."

सरांनी विचार केला. खरंच केला, कपाळावर आठ्या घालून. आणि म्हणाले, "तिथे कॉलेजचं बोधचिन्ह टाकू. छान दिसेल."

तिनं बशी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "सर, माझे बाबा तो लेप जखमेवर लावतायत."

"मग त्यांना सांग ना डॉक्टरकडे जायला. त्याचा पोस्टरशी काय संबंध? तुम्हा मुलांना प्रत्येक गोष्टीत भावना. आमच्या वेळी..."

आमच्या वेळी! हे दोन शब्द ऐकले की मला पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जावंसं वाटतं. त्यांच्या वेळी कोऱ्या चकत्या नव्हत्या का? होत्या. तेव्हाही त्या बाटलीतच पडून असणार.

तिनं पोस्टरवरून आपलं नाव काढायला सांगितलं. सर म्हणाले, छापून झालं. मग तिनं जे करायला हवं होतं ते केलं. नव्या चकत्या घेतल्या, नीट वाळवल्या, माझ्या एका कोऱ्या बहिणीला चौथ्या कप्प्यात बसवलं. सकाळी त्या बहिणीभोवती काही नव्हतं. जंतू तिला चिकटून वाढले होते, वाढायला हवेत तसे. आणि पाल्याचा गोल? आठ मिलिमीटर. त्यातले सहा मिलिमीटर म्हणजे चकतीच. एका बाजूला एक मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला एक. एवढं पाल्याचं खरं. थोडं होतं, पण खरं होतं. आणि ते कोणालाच नको होतं. सरांना कमी पडत होतं, आत्याला मान्य नव्हतं.

माझी बशी ऑटोक्लेव्हमध्ये गेली तेव्हा वाटलं, संपलं. जेली वितळली, मी तरंगत राहिले. पण मुलीनं शून्य बघून मला चिमट्यानं उचललं, सुकवलं, आणि वहीत चिकटपट्टीनं चिकटवलं. खाली लिहिलं, 'कोरी. ओली. १४ मिमी.' त्याच दुपारी वही पिशवीत घालून ती घरी गेली. फोनवर ती रोज सांगत होती, आणि फोनवर ते रोज हो म्हणत होते. म्हणून ती स्वतः निघाली.

दुकानात शिरल्याबरोबर तिला भिंत दिसली. मोजमापाच्या टेपांशेजारी, काचेच्या फ्रेममध्ये, तो फोटो. मोठा करून छापलेला. पंधराचा गोल फोटोत चांगला वाटीएवढा दिसत होता.

"बाबा, तो फोटो काढा."

"का? गिऱ्हाइकं विचारतात. मी सांगतो, पोरगी शास्त्रज्ञ आहे." ते मशीनवरून उठले नाहीत. उजव्या पायाला हिरवं फडकं गुंडाळलेलं होतं आणि पाय तसाच मशीनवर चालत होता. खोलीत एक गोडसर, कुबट वास होता. मी बशीत राहिलेली आहे, मला तो वास माहीत होता. तिलाही माहीत होता.

तिनं वही उघडली, मला दाखवलं, सगळं सांगितलं. द्रावण, ओलेपणा, चौदा, पंधरा, आठ. आत्या दारात उभी राहून ऐकत होती, हिरवी बोटं पदराला पुसत.

"म्हणजे आठचा गोल आला ना?" आत्या म्हणाली.

"आत्या, त्यातले सहा..."

"आला ना पण? म्हणजे मारतो तर खरं! मग कमी म्हणतेस तर मी जास्त लावते. त्यात काय?"

"अगं, बशीतली जेली वेगळी आणि पाय वेगळा! आत, हाडापर्यंत, तुझा पाला पोचत तरी असेल का? आणि तू लेप लावायच्या आधी जखम धुतेस का?"

"एवढासा कागदाचा तुकडा दाखवून मला शिकवतेस? चाळीस वर्षं मी लोकांना बरं करतेय."

"जे बरे झाले ते तुझ्याकडे परत आले. जे झाले नाहीत, ते कुठे गेले, विचारलंस कधी?"

"तोंड सांभाळून बोल," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही. मशीन थांबवलं.

मग ते जे बोलले ते मला चौदा मिलिमीटरपेक्षा जास्त लागलं.

"तू नेहमी म्हणतेस ना, बाबा, तुम्ही माझं काही ऐकत नाही? शिकायला बाहेर जाते म्हणालीस, मी नको म्हटलं. चप्पल घाला म्हणालीस, नाही घातली. गोड सोडा म्हणालीस, नाही सोडलं. आयुष्यात एकदा तुझं ऐकलं. तू फोटो पाठवलास, मी मानलं. अक्काचं म्हणून नाही लावत मी हा लेप. तुझा म्हणून लावतो. आणि आता तू म्हणतेस तेपण चूक?"

तिनं वही मिटली. पानांच्या मधे मीही मिटले.

"उद्या सिस्टरकडे जातो, बास?" ते शेवटी म्हणाले. "हे सहा गणवेश झाले की."

गणवेश झाले. मग आणखी चार आले. तिनं सिस्टरला घरी आणलं, तर वडिलांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. नवव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला. फडकं सोडलं तेव्हा अंगठा काळा पडलेला होता.

इस्पितळात वही तिच्या पिशवीतच होती. आधी दोन बोटं काढली. आठवड्यानं पुढचं अर्धं पाऊल. डॉक्टरांनी विचारलं, "महिनाभर कुठे होतात? ड्रेसिंग का बंद केलंत?"

तिनं तोंड उघडलं. पण आधी वडीलच म्हणाले, "दुखत नव्हतं हो. म्हणून राहून गेलं."

तिचं नाव त्यांनी घेतलं नाही. आत्याचंही नाही. ही मोठी माणसं जन्मभर नको तिथे बोलतात, आणि बोलायला हवं तिथे असं काही तरी करून ठेवतात, की त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि पिशवीवर डोकं ठेवून रडली. वहीचं पान ओलं झालं. मी पुन्हा ओली झाले.

त्याच आठवड्यात कॉलेजात प्रदर्शन झालं. पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं. चौथ्या कप्प्यावर बोधचिन्ह खरंच छान दिसत होतं, असं मामांनी फोनवर सांगितलं. मामा हसले नाहीत.

तिनं अहवालात सगळं खरं लिहिलं. पंधरा, चौदा, आठ, आणि मामांचा चहासुद्धा. सरांनी त्यावर सही केली नाही. नवा मार्गदर्शक मिळेपर्यंत तिचं वर्ष लांबलं. ती ते कोणाला सांगत नाही. वर्ष काय, परत येतं. बोटं येत नाहीत.

दोन महिन्यांनी वडील दुकानात येऊन बसले. मशीनला मोटर बसवली होती, पण त्यांना ती आवडली नाही. डाव्या पायानं चालवायला शिकत होते. टीप वाकडी जायची, मग उसवत बसायचे. मधूनच समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत. मुलीनं तो दोनदा उतरवायला हात घातला, तर म्हणाले, राहू दे.

एक दुपारी त्यांनी विचारलं, "तीन खणांत तीन टिकल्या आहेत. हा चौथा खण रिकामा का गं?"

ती गुंड्या लावत होती. तिचा हात थांबला.

"तिथे एक कोरी चकती ठेवायची असते. खरंखोटं कळायला. मी ठेवली नाही."

"विसरलीस?"

"नाही, बाबा. माहीत होतं. घाई होती."

त्यांनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे कच्चा टाका न घालताच शिवलंस."

कच्चा टाका म्हणजे आधी घालायचा सैल टाका. कपडा अंगावर चढवून बघायचा, चुकलं असेल तर ओढून काढायचा, आणि मगच पक्की शिलाई मारायची. हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं. त्यांना कोणी हे त्यांच्या भाषेत आधी सांगितलंच नव्हतं. आठ आणि चौदा सांगितलं होतं.

"वही आण," ते म्हणाले.

त्यांनी फ्रेम उतरवून घेतली, मागचे खिळे काढले, फोटो मांडीवर ठेवला. वहीतून मला नखानं सोडवलं. सुईत पांढरा दोरा ओवला. आणि मला चौथ्या खणाच्या मधोमध ठेवून, फोटोच्या आरपार, एक सैल टाका घातला.

तेवढ्यात आत्या वाटी घेऊन आली. ताजा लेप होता. "पायाला लावते जरा. जखम भरून यायला..."

"अक्का, आज नको," ते म्हणाले. मान वर न करता.

आयुष्यात पहिल्यांदा तिला ते नको म्हणाले होते. आत्या वाटी घेऊन उंबऱ्यावर बसली. वाटीतला पाला हळूहळू काळा पडत गेला.

आता मी इथे असते. काचेमागे, टेपांच्या शेजारी. जेली नाही, जंतू नाहीत, माझ्यावर धूळ बसते. आळीतली माणसं अजून आत्याकडे येतात आणि जाता जाता दुकानात डोकावून तो मोठा गोल बघतात. बघा, कॉलेजात सिद्ध झालंय, असं एकमेकांना सांगतात. माझ्याकडे कोणी बघत नाही. कोणी बघितलंच, तर वडील कापड मोजायच्या गजाच्या टोकानं मला दाखवतात आणि म्हणतात, "आधी ही बघा." बहुतेक माणसं मान हलवून आत्याच्या दाराकडे वळतात.

माझं मागणं फार नाही. पाल्यावर माझा राग नाही. त्यानं कधी कुठलाच दावा केला नव्हता. तो कुंपणाला उभा होता, त्याच्या अंगात जेवढं होतं तेवढं होतं. पण उद्या कोणी तुम्हाला असा चकचकीत गोल दाखवला, मग तो दाखवणारा पिकल्या केसांचा असो, बक्षीस मिळालेला असो, की तुमची स्वतःची लाडकी मुलगी असो, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा, की कोरी कुठे आहे?

त्या सकाळी फोनवर त्यांनी विचारलं होतं, मधे डोळ्यासारखं काय दिसतंय. रिकाम्या कप्प्याबद्दल विचारलं असतं, तर मी तेव्हा बाटलीत होते. टेबलावरच, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर.